हातखर्च ठरवताना रविवार मोजा

पोरगं कोल्हापुरात शिकायला ठेवलं की हातखर्चाचा आकडा बहुतेक जण शेजाऱ्याला विचारून ठरवतात. तिथंच चुकतं. त्याचा पोरगा हॉस्टेलवर असतो, आपला राजारामपुरीत खोली घेऊन.

खोलीभाडं, मेस आणि फी थेट भरा. हातखर्चात मिसळू नका. पहिल्या महिन्याची गादी, बादली, झाडू यांचा खर्चही वेगळा.

आता उरलेलं मोजू. मेसला रविवारी दुपारी मटण किंवा चिकन असतं आणि रात्री सुट्टी. म्हणजे महिन्यात चार, कधी पाच जेवणं बाहेर. १२० रुपये धरले तर ४८०. मेसमध्ये दोन वेळचंच जेवण असेल तर चहा-नाष्टा वेगळा: ४० रुपये, २५ दिवस, १,००० झाले. महिन्यात दोनदा गावाकडं येणं-जाणं, एका वेळचं तिकीट ९० असेल तर ३६०. मुलीला एसटीत अर्धं तिकीट, तेव्हा तिचा हिशोब मुलावरून काढू नका. रिचार्ज ३५०. तो २८ दिवसांचा असेल तर वर्षात बाराऐवजी तेरा वेळा मारावा लागतो. झेरॉक्सला १५०. वाढदिवसाची काँट्री, रंकाळ्यावरची भेळ, एखादा सिनेमा, याला ५०० तरी हवेत. नाहीतर ते नाष्ट्यातून कापले जातात. सगळे मिळून २,८४०. दर तुमच्या भागाचे घाला, पद्धत हीच ठेवा. परीक्षा फॉर्म आणि जर्नलचे पैसे यात धरू नका, लागतील तेव्हा द्या.

पैसे महिन्याला एकदम न देता दर सोमवारी ७०० पाठवा. शनिवारी पाठवले तर रविवारी रात्रीच संपतात. पाच सोमवारांच्या महिन्यात ७०० जास्त जातात, पण त्यातून आठवडाही एक जास्त भागवायचा असतो.

यूपीआय सर्कलमधून तुमच्या खात्यातून खर्चाची मुभा देता येते, महिन्याला १५,००० पर्यंत, आणि मर्यादा कमीही ठेवता येते. पण मग प्रत्येक चहा बापाच्या मोबाइलवर दिसतो. एकोणीस वर्षांच्या पोराच्या बाबतीत ही पाळतच झाली. त्यापेक्षा त्याच्याच खात्यावर पैसे टाका आणि महिनाअखेरीला दोघं मिळून स्टेटमेंट बघा. यूपीआय लाइट (छोट्या खर्चासाठी ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवायची सोय) वापरत असेल तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, कुठं गेली ते ॲपमध्ये बघावं लागतं.

मेसवाल्याला खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी विचारा: सलग किती दिवस गावाला गेलं तर पैसे कापतात, आणि आधी सांगावं लागतं का. आणि आई गुपचूप पाचशे पाठवत असेल, तर तेही याच हिशोबात धरा.