वाल्ह्याच्या मुक्कामातला अभंग

"पुढे टेप कोरी आहे," असं माझ्याकडे आलेल्या ताईंना आधीच्या दुकानात सांगितलं होतं. कॅसेट मिनीडीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी डिजिटल टेप, साठ मिनिटांची. पेन ड्राइव्हवर मिळालेली फाइल मात्र चौदा मिनिटांची. आळंदीचं प्रस्थान, पुण्यातली गर्दी, दिवे घाटाची चढण, आणि तिथेच संपलं.

"पण दादा, आई वाल्ह्याला गायली होती. बाबांनी कॅमेऱ्यात घेतलं होतं. त्याच रात्री पालात बसून आम्ही सगळ्यांनी बघितलंय. मी सातवीत होते, मला स्वच्छ आठवतंय." बोलताना त्यांनी कॅसेट माझ्यापुढे धरली होती, पण सोडली नव्हती.

वारी २००५ सालची. वडिलांनी एका नातेवाइकाचा कॅमेरा मागून घेतला होता आणि माउलींच्या पालखीबरोबर घरातले चौघे चालले होते. आई आता नाहीत. त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेही नाही, एवढं त्या सांगून गेल्या.

मी पुण्यात जुन्या टेप संगणकावर उतरवून देतो. कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे पाठीवरची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवणं, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही रेकॉर्ड होत नाही. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे. वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळून पडलेली टेप त्याने जरा मोकळी होते. त्यानंतरच कॅमेरा फायरवायर केबलने जुन्या लॅपटॉपला जोडतो.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून कॅप्चर लावलं, तर तेही चौदाव्या मिनिटाला थांबलं. आधीच्या दुकानात काय झालं असेल ते कळलं. सॉफ्टवेअर थांबलं, स्क्रीन निळी दिसली, टेप संपली असं त्यांनी धरलं. मी कॅप्चर बंद करून टेप नुसती चालू ठेवली. निळी स्क्रीन एक मिनिट पन्नास सेकंद तशीच राहिली. मग एकदम चित्र आलं. सासवडचा मुक्काम, चुलीवर पातेलं. आणि कोपऱ्यातला टाइमकोड ००:००:००:०० पासून नव्याने सुरू.

टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमचा नंबर: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. हा नंबर टेपवर चित्राच्या सोबतच लिहिला जातो. रेकॉर्डचं बटण दाबलं की कॅमेरा टेपवरचा आधीचा नंबर वाचतो आणि त्याच्यापुढे मोजू लागतो. पण बटण दाबताना टेप कोऱ्या जागेवर उभी असेल, तर वाचायला नंबरच नसतो. मग मोजणी पुन्हा शून्यापासून. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती नवीन टेपच असते.

वडिलांनी काय केलं असणार हे चित्र पाहतानाच उलगडत गेलं. मुक्कामाला पोचल्यावर दिवसभराचं चित्रण मागे घेऊन सगळ्यांना दाखवायचं, आणि बघता बघता टेप चित्रणाच्या शेवटापुढे निघून जायची. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग त्या कोऱ्या जागेपलीकडे सुरू व्हायचं. त्या एका टेपवर शून्य सहा वेळा आलं होतं.

अशा टेपला बॅच कॅप्चर, म्हणजे नंबर देऊन तुकडे आपोआप उतरवून घेणं, लावण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या मिनिटाची फ्रेम आण म्हटलं, तर दुसरं मिनिट सहा ठिकाणी आहे. शिवाय मशीन कुठलाही तुकडा घेण्याआधी काही सेकंद मागे जाऊन वेग पकडतं, आणि त्या सेकंदांतही नंबर सलग असावे लागतात. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी ते नव्हते. म्हणून सॉफ्टवेअरच्या हातातून कॅमेऱ्याचा ताबाच काढून घेतला. डीव्हीग्रॅब हा टेपवरून येईल ते नुसतं उतरवून घेणारा प्रोग्राम चालू केला, कॅमेऱ्यावर बोटाने प्ले दाबलं आणि टेप अथपासून इतिपर्यंत वाहू दिली. मधल्या कोऱ्या जागा सोडल्या तर सेहेचाळीस मिनिटांचं चित्रण निघालं. ताईंना लगेच फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. वाल्ह्याचा तुकडा लावला. कंदिलाचा उजेड, मांडीवर टाळ, आणि आई गायला लागल्या. ताई हलल्याही नाहीत. सव्वा मिनिट झालं आणि ओळीच्या मध्येच दिवस उजाडला: नीरा नदी, पुलावरची रांग, स्नानासाठी पादुका नेतानाची गर्दी.

"हे तुमच्याकडून तुटलं का?" त्यांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना फोनवर 'सगळं निघालंय' असं सांगितलं होतं, आणि ते सांगण्याआधी हा तुकडा पूर्ण पाहिला नव्हता.

टेप परत लावून ती जागा फ्रेम-फ्रेमने बघितली. टाइमकोड ००:०३:४१:०७, पुढची फ्रेम ००:०३:४१:०८. कुठेही खंड नाही. दिवसभर मी तुटलेले नंबर शोधत बसलो होतो, म्हणून ही जागा माझ्या नजरेतून सुटली.

पण टेपवर टाइमकोडशिवाय आणखी एक गोष्ट असते. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळही फ्रेमगणिक लिहिली जाते. इथे ते लावलेलं होतं. उतरवलेली फाइल डीव्हीरेस्क्यू या तपासणीच्या प्रोग्राममधून काढली. तो टाइमकोड आणि ही तारीख-वेळ, दोन्हींचे खंड वेगवेगळे दाखवतो. त्या फ्रेमला घड्याळ रात्रीच्या ८:४१:१० वरून थेट दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. म्हणजे त्या दिवशी टेप अभंगाच्या शेवटाआधीच उभी होती. कॅमेऱ्याला तिथे जुने नंबर मिळाले, त्याने ते पुढे चालवले आणि नदी अभंगावर रेकॉर्ड झाली.

मला हे फार लागलं. या टेपवर जिथे जिथे टाइमकोड तुटला होता, तिथे एक फ्रेमही गेली नव्हती. गेलं होतं ते जिथे नंबर सलग होते तिथे.

ताईंना हे समजावत असतानाच डीव्हीरेस्क्यूने दाखवलेल्या खंडांच्या यादीत खाली आणखी एक खंड दिसला. नदीचं चित्रण बावन्न सेकंदांचं. त्यानंतर दोन फ्रेम चौकटी-चौकटींनी फुटलेल्या, आणि मग घड्याळ परत आदल्या रात्रीवर: ८:४२:०२. बरोबर बावन्न सेकंदांनी पुढे. नदी जिथे संपली तिथून खालचा अभंग तसाच शिल्लक होता. त्या संध्याकाळी पुन्हा टेप पुढे निघून गेली असणार आणि लोणंदचं चित्रण पलीकडच्या कोऱ्या जागेवर शून्यापासून सुरू झालं, म्हणून हा तुकडा वाचला. नदीनंतरचा काळोख मी आदल्या दिवशी झाकण लावलेल्या लेन्सचा समजून पुढे गेलो होतो. तो काळोख नव्हता, वारं लागून कंदील बारीक झाला होता.

एकोणीस सेकंद. शेवटची ओळ, टाळ थांबले, आणि आईंनी विचारलं, "आलं का सगळं?" कॅमेऱ्यामागून वडिलांचा आवाज: "आलं, आलं."

ताईंनी ते तीनदा ऐकलं आणि तिथूनच वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, बाकी मुक्कामांना चित्रण संपेपर्यंत दाखवायचो, वाल्ह्याला बॅटरी उतरायला लागली म्हणून अभंग संपायच्या आधीच कॅमेरा बंद केला.

"मधले बावन्न सेकंद काढता येतील का?" ताईंनी विचारलं. येणार नव्हते. टेपवर नवं रेकॉर्डिंग झालं की त्याच्याखाली जुनं उरत नाही. ते मी सरळ सांगितलं. दोन टोकं जोडून एक अभंग करून देऊ का, असं मी विचारलं, तर त्यांनी नको म्हटलं. नदीसकट, आहे तसंच हवं होतं.

सगळं चित्रण दहा जीबीच्या आसपास भरलं. मूळ डीव्ही फाइल, मुक्कामवार तुकडे आणि कुठे किती टेप कोरी आहे याचं टिपण, असं हार्ड डिस्कवर दिलं. घरी ट्रंकेत आणखी तीन कॅसेट निघाल्याचं निघताना त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, घरी लावून बघू नका, आणि तो कॅमेरा त्या नातेवाइकाकडे अजून असेल तर तोही घेऊन या. ज्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड झालं त्याच्यावर टेप कधीकधी जास्त नीट चालते. आठवड्याभरात त्या दोन्ही घेऊन आल्या. एका कॅसेटच्या लेबलवर पेनाने 'वाखरी रिंगण' लिहिलेलं आहे. टेप आज सकाळी मोकळी करून ठेवली आहे.