अर्ध्या मिलिमीटरचा फरक

ब्रेकचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जायचं, एवढीच तक्रार होती. गाडी 1960च्या दशकातली, ब्रेकचं सर्किट एकच. म्हणजे एका जागी पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जाणार. मालक म्हणाले, "मागचा एक पाइप बदला, बाकी चांगले आहेत."

दिसायला होतेही चांगले. पण चासीवरची क्लिप सोडवली आणि तिच्याखालचा पाइप नखानं खरवडला, तर गंजाचे पापुद्रे निघाले. क्लिपखाली चिखल आणि ओल साठून राहते, तिथेच पाइप बाहेरून गंजत मरतो. मी सगळेच पाइप बदलायचं ठरवलं.

जुना पाइप न वाकवता काढला, तोच नमुना. नवा घेतला 3/16 इंची, तांबं-निकेलचा. नुसत्या तांब्याचा मी कधीच वापरत नाही. हादऱ्यांनी तो कडक होतो आणि चिरतो. कटरनं कापून आतली बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कड काढली, नट आधी ओवला, मग डबल फ्लेअर, म्हणजे पाइपच्या तोंडाची दुहेरी दुमड. कड आधी आत दुमडते, मग तिचा शंकू बसतो. प्रत्येक फ्लेअर भिंगातून बघितला. तीन फ्लेअरची कड एका बाजूला सरकली होती, ते कापून पुन्हा केले.

खरा धक्का मागच्या टी-जॉइंटला, म्हणजे तीन पाइप जिथे मिळतात त्या जोडाला बसला. तो आधी कुणीतरी बदललेला होता. त्यातून काढलेला जुना नट बोटानं पुन्हा लावून पाहिला, सहज फिरला, पण किंचित डुलत होता. आट्यांचं गेज लावलं. नट 3/8 यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, इंचाला 24. जॉइंट मेट्रिक, 10 मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणून नट जातो, आवळतोही. पण धरतो फक्त आट्यांच्या टोकांवर. ती टोकं घासून चकचकीत झाली होती.

मालकांना नट हातात दिला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. "काल घरातल्या सगळ्यांना घेऊन गेलो होतो," एवढंच म्हणाले.

यूएनएफ आट्यांचा जॉइंट बसवला, सर्वांत लांबच्या चाकापासून पाइपांतली एअर काढली आणि प्रत्येक जोडाला टिश्यू गुंडाळून पेडल जोरात दाबून धरलं. पेडल दगडासारखं घट्ट. तरी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी पुन्हा पेडल दाबलं, सगळे टिश्यू कोरडे निघाले, मग चावी दिली.