बरारी घाटावरची सोंस

फेब्रुवारीत भागलपूरला गेलो होतो. बरारी घाटावर सकाळी नावेत बसलो तेव्हा विक्रमशिला सेतू अर्धा धुक्यात होता. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा १९९१ पासून डॉल्फिन अभयारण्य आहे. मी 'डॉल्फिन' म्हटलं की नावाडी हसायचा. त्याच्या लेखी ती सोंस.

अर्धा तास काहीच नाही. मग पाठीमागे कुणीतरी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला, आणि मान वळवेपर्यंत पाणी सपाट. "कान लगाइए, आँख नहीं," नावाडी म्हणाला. सोंसही तेच करते म्हणा. तिच्या डोळ्यांना भिंगच नसतं. गढूळ पाण्यात सगळा कारभार प्रतिध्वनीवर.

उन्हं वर आल्यावर एक लांब चोच वर आली आणि लगेच तिच्या बगलेला एक आखूड. "मादी है, बच्चा लेके निकली है." या जातीत मादी नरापेक्षा मोठी आणि तिची चोचही लांब. एका वेळी एकच पिल्लू. समुद्रातल्या डॉल्फिनसारखे कळप इथे नाहीत. प्रवाह वळतो, मासा साठतो, तिथे चार-सहा जमतात, इतकंच.

ते पिल्लू आईकडून दूध घेतं, तसाच पेशीतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएही. तो फक्त आईकडूनच येतो. त्याच्याच आधारे गंगेची आणि सिंधूची सोंस ताडून पाहिली, तर दोघींत या डीएनएचा एकही समान प्रकार निघाला नाही. वाटा फुटल्या सुमारे साडेपाच लाख वर्षांपूर्वी. कवट्यांतही फरक सापडला आणि २०२१ मध्ये त्या दोन वेगळ्या जाती ठरल्या. मला हे पटायला ती आखूड चोच पाहावी लागली.

सिंधूची सोंस भारतात आता फक्त पंजाबातल्या बियास नदीत उरली आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत देशभरातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन निघाले, त्यातले बियासचे तीन. खाली हरिकेचा बंधारा, त्यापलीकडे पाकिस्तान. बाकीचं गणगोत तिकडे.

परतताना हे नावाड्याला सांगितलं. त्याने वल्हं थांबवलं.

"तीन? उसमें मादी कितनी?"

मागे पुन्हा उसासा ऐकू आला. या वेळी मी वळलो नाही.