चारशे बाक आणि एक आवक शिक्का

आमच्या गाळ्यात शाळेचे बाक बनतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, मेन रोडपासून आत तिसऱ्या वळणावर, आप्पांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेला गाळा आहे. दोन वेल्डिंग मशीन, एक पाइप बेंडिंग, एक कटर आणि सात माणसं. पाइप कळंबोलीच्या लोखंड बाजारातून येतो. पावडर कोटिंगला माल ऐरोली पुलावरून रबाळ्याला जातो आणि परत येतो. खासगी शाळा आणि क्लासवाले हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. महापालिकेच्या शाळांत आपले बाक जावेत ही आप्पांची फार जुनी इच्छा होती. ते स्वतः महापालिकेच्या शाळेत जमिनीवर बसून शिकले.

आसपासच्या गाळ्यांतल्या दोघी-तिघी मला विचारत असतात, ‘टेंडर कसं भरलंस?’ फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं इथे लिहिते. कोणती महापालिका ते लिहीत नाही. मुंबई महानगर प्रदेशात महापालिका पुष्कळ आहेत आणि जे सांगायचं आहे ते त्यांतल्या कुठेही घडू शकतं.

आप्पांच्या काळी निविदा म्हणजे लाखेची मोहर लावलेला लिफाफा आणि कार्यालयातली कुलूपबंद पेटी. आता सगळं महाटेंडर्सच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर चालतं. त्यासाठी क्लास थ्री डिजिटल सिग्नेचर लागते, पेनड्राइव्हसारखं टोकन येतं. पहिल्या वेळी मी ते टोकन देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं होतं. दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. आर्थिक म्हणजे दरांची एक्सेल फाईल. ती पोर्टलवरून उतरवायची, ठरलेल्या चौकटीतच आकडा भरायचा, फाईलचं नाव बदलायचं नाही आणि तीच परत चढवायची. सगळं चढवून झालं तरी निविदा भरली असं होत नाही. शेवटी ‘फ्रीझ बिड सबमिशन’ दाबावं लागतं. ते दाबलं की पावती येते, ती पावती म्हणजे तुमची निविदा. मुदत संपेपर्यंत दर बदलून पुन्हा भरता येतं, पण एकदा निविदा मागे घेतली की त्याच कामाला परत भरता येत नाही. हा फरक मला पोर्टलच्या मदतकक्षातल्या मुलाने फोनवर दोनदा समजावला, त्याचे आभार. आणि घड्याळ आपलं पाहायचं नाही, पडद्यावर वर चालू असतं ते सर्व्हरचं पाहायचं.

बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत ठेवायची अनामत, एनईएफटीने भरणार असाल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. चलन जुळायला वेळ लागतो आणि ते जुळल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे म्हणून बयाणा माफ, असंही धरून चालू नका. मी तसं धरलं होतं. केंद्राचं २०१२ चं सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण केंद्रीय खात्यांना आणि केंद्रीय उपक्रमांना बांधतं. महापालिकेच्या निविदेत सूट आहे की नाही ते त्या निविदेतच वाचावं लागतं.

तर पहिली निविदा. ती आमची तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाली. उलाढालीचा सीएचा दाखला जोडला होता, सही होती, शिक्का होता, पण त्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा आहे हे ऑनलाइन तपासायचा क्रमांक, नव्हता. सीएने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर हा क्रमांक २०१९ पासून सक्तीचा आहे. आमच्या सीएंच्या कार्यालयातून जुन्या नमुन्यावर दाखला निघाला आणि मी तो न तपासता स्कॅन केला. आर्थिक लिफाफा न उघडताच राहिला. आपला दर कमी होता की जास्त, हे मला आजही माहीत नाही. त्या दिवशी गाळ्यात कोणी काही बोललं नाही. आमच्या वेल्डर चाचांनी फक्त चहा आणून ठेवला आणि म्हणाले, ‘वहिनी, कागद पण वेल्डिंगसारखाच. एक टाका सुटला की सगळं सुटतं.’

दुसरी निविदा पुढच्या वर्षी फेब्रुवारीत निघाली. चारशे ड्युअल डेस्क, म्हणजे दोन मुलांचा एक बाक, नऊ शाळांसाठी. अंदाजपत्रकीय दर नगाला ४,९०० रुपये, एकूण १९ लाख ६० हजार. यावेळी मी सगळी पानं छापली आणि तीन रात्री पेन्सिल घेऊन बसले. तीन गोष्टी खटकल्या.

पहिली पात्रतेची अट: मागच्या तीन वर्षांत एकाच आदेशाचा ५० लाखांचा पुरवठा केलेला असावा. काम वीस लाखांचंही नाही आणि अनुभव पन्नास लाखांचा मागितलेला. ही अट राहिली तर वागळे इस्टेटमधला, रबाळ्यातला एकही बाक बनवणारा आत जाऊ शकत नाही. बाक शेवटी आमच्यासारख्याच गाळ्यात बनणार, फक्त मधे एक मोठं नाव येणार.

दुसरी पाइपची. १८ गेजचा चौकोनी पाइप लिहिला होता, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडी. पाचवी ते सातवीची दोन मुलं एका बाकावर बसतात, मधल्या सुट्टीत त्यावर चार चढतात. पाय आणि आडवी पट्टी जिथे जोडतात तिथे १८ गेज वेल्डिंगलाच जळून पातळ होतो. तिथे त्याहून जाड, १६ गेज हवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची. पायांना खाली नायलॉनचे बूट नव्हते. शाळेची फरशी रोज पाण्याने पुसतात. उघडा पाइप ते पाणी आतून शोषतो आणि दोन पावसाळ्यांत पाय खालून कुजतो. मग बाक डुगडुगतो, मग तो गच्चीवर ढिगात जातो. महापालिकेच्या शाळांच्या गच्च्यांवर असे ढीग मी पाहिले आहेत. प्लाय शाबूत, पाट शाबूत, फक्त खालचा दीड इंच गेलेला. एका बुटाला किती पैसे पडतात? घाऊक भावात काही रुपये.

प्री-बिड मीटिंगला, म्हणजे निविदा भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीला, बारा-तेरा जण होते. बहुतेकांनी हजेरीपटावर सही केली, मोबाइल पाहिला आणि चहा घेतला. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कोणाला काही शंका?’ मी उभी राहिले. आवाज थरथरत होता, ते लपलं नसेल. मी बुटाबद्दल सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी हसलं. अधिकारी मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, तोंडी नको. लेखी द्या, म्हणजे मला फाईलवर घेता येईल.’

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. पत्र माझ्या पिशवीत तयारच होतं. त्यात पात्रतेच्या अटीपुढे मी केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातलं प्रमाण लिहिलं होतं. अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. ते परिपत्रक केंद्रीय खात्यांच्या बांधकामांसाठीचं आहे, महापालिकेवर त्याची सक्ती नाही, हेही मी पत्रातच लिहिलं. पण अट अंदाजित रकमेच्या प्रमाणात असावी, हा विचार त्यात आहे. आमच्याकडे खासगी शाळांचे सव्वाआठ, साडेआठ आणि नऊ लाखांचे तीन पुरवठा आदेश होते. १९ लाख ६० हजारांचे ४० टक्के म्हणजे ७ लाख ८४ हजार. म्हणजे त्या प्रमाणात आम्ही बसत होतो आणि ते दाखवायला मला अजिबात संकोच वाटला नाही. टपाल कक्षात जाऊन दोन प्रती दिल्या आणि एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली.

सहाव्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं. पात्रतेची अट बदलली होती. नायलॉनचे बूट आले होते. पाइप मात्र १८ गेजच राहिला, ‘अंदाजपत्रकात बदल शक्य नाही’ एवढंच उत्तर. मी पुन्हा लिहिलं नाही. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

आठ निविदा आल्या, पाच तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरल्या. आर्थिक लिफाफा उघडला त्या दुपारी गाळ्यात मशीन बंद करून सगळे माझ्या टेबलाभोवती उभे होते. आमचा दर ४,६४०, दुसऱ्याचा ४,७००. आप्पा खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मुलीने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, ‘आबा, आपण एल-वन.’ त्यांना एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, हे कळलं नाही. तिने ‘आपले बाक शाळेत जाणार’ असं सांगितल्यावर कळलं.

नंतर दर कमी करण्याचं पत्र आलं. वाटाघाटीत मी ४० रुपये उतरले, नगाला ४,६०० ठरले. एकूण १८ लाख ४० हजार, अधिक १८ टक्के जीएसटी. पाच टक्के सुरक्षा अनामत म्हणजे ९२ हजार भरले, करारनामा झाला, कार्यादेश हातात आला. एप्रिल-मे दोन पाळ्यांत काम केलं. जोडाच्या जागी आम्ही १६ गेजच वापरला. त्याचे पैसे कोणी देणार नव्हतं, पण चाचा म्हणाले, ‘अपने हाथ का माल है’, आणि मला त्यावर बोलायला काही उरलं नाही.

पोहोच करताना मात्र मी पुरती चुकले. अटींमध्ये ‘वर्गखोलीपर्यंत’ असा शब्द होता. तीन रात्री पेन्सिल घेऊन बसले होते तरी तो शब्द मी दरात धरलाच नाही. नऊपैकी पाच शाळांत वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कुठेच नाही. एक बाक २८ किलोचा. जूनच्या पहिल्या आठवड्यातला उकाडा, टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा, तिथून हातावर. वेगळी हमाली ३८ हजार रुपये गेली. शाळा उघडायच्या आधी काम झालं आणि प्रत्येक मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेलं, माल पोहोचल्याचं चलन मी स्वतः फिरून गोळा केलं. तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी बाक आडवा करून व्हर्निअरने पाइप मोजला, जोडाच्या जागी पुन्हा मोजला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग बिल. या भागाबद्दल आमच्या धंद्यात कोणी मोकळेपणाने लिहीत नाही, म्हणून मी आकड्यांसह लिहिते.

बिल जूनमध्ये दिलं. जीएसटी ३ लाख ३१ हजार २०० रुपये. मालाच्या पुरवठ्यात कर भरायची वेळ बिलाच्या तारखेने ठरते, पैसे आले का हे कोणी विचारत नाही. पाइप-प्लायवर भरलेला कर वजा करून १ लाख १५ हजार जुलैच्या २० तारखेच्या आत खिशातून भरले. बिल शिक्षण विभागातून भांडारात, भांडारातून लेखा विभागात, तिथून लेखापरीक्षणात. एकदा लेखाशीर्षात तरतूद शिल्लक नाही म्हणून परत, एकदा एका शाळेच्या चलनावर तारीख खोडली आहे म्हणून परत. प्रत्येक टेबलावरचा माणूस माझ्याशी नीट बोलला, पैसे कोणी मागितले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळीला मी माणसांना बोनस द्यायला माझी पाटल्यांची जोडी गहाण ठेवली. बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चालूच होतं.

२००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते आणि ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाते. मी अर्ज अर्धा भरून ठेवला होता. पाठवला नाही. पुढच्या वर्षी याच दारात पुन्हा उभं राहायचं आहे, ही भीती होती. ही भीती प्रत्येक छोट्या पुरवठादाराला असते आणि कायदा कागदावर राहतो तो त्यामुळेच, असं मला वाटतं. नोव्हेंबरच्या शेवटी मी एक पत्र मात्र दिलं. साधं, नम्र, त्या कायद्यातल्या मुदतीच्या कलम १५ चा उल्लेख असलेलं. आवक शिक्क्यासह.

पैसे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाले. त्या पत्रामुळे की वळतं करून तरतूद मिळाल्यामुळे, ते सांगता येणार नाही. जीएसटीचा २ टक्के टीडीएस, ३६ हजार ८००, कापलेला होता. तो जीएसटी पोर्टलवर आपण स्वीकारला की आपल्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या कर भरायच्या खात्यात, येतो. ते माहीत नसल्याने पैसे तसेच पडून राहिलेल्या दोघांना मी ओळखते, म्हणून लिहून ठेवते. हमाली, व्याज आणि जोडाचा जाड पाइप धरून त्या कामात आम्हाला नगाला जेमतेम शंभर रुपये राहिले. पाटल्या सोडवून आणल्या.

परवा सकाळी अकरा वाजता यंदाच्या बाकांची प्री-बिड आहे. यावेळी सहाशे नग आणि अटींमध्ये पुन्हा ‘वर्गखोलीपर्यंत’. कोणत्या शाळेत कितवा मजला, याची यादी मी मागितली आहे. जोडाला १६ गेज हा दुसरा मुद्दा, सोबत गच्चीवरच्या ढिगाचे चार फोटो. आणि तिसरा, तपासणी झाल्यापासून किती दिवसांत बिल देणार ते करारनाम्यात आकड्यात लिहावं. दोन प्रती काढून झाल्या आहेत. टपाल कक्ष दहाला उघडतो, आधी तिथे जाईन.