सैन्य परत आणायला एवढा वेळ का लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘परदेशातलं सैन्य परत आणायचं ठरलं, मग लगेच का आणत नाहीत?’ पुण्यात हा प्रश्न बहुधा श्रीलंकेवरून निघतो, आणि ते साहजिकच आहे. तिथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेची मोहीम सुरू झाली ती इथे मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडच्या अखत्यारीत.

जून १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जुलैअखेर भारतीय सैन्य गेलं पाहिजे असं जाहीर केलं. शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली २४ मार्च १९९० ला. खरा पेच जहाजांचा नव्हताच. आपण सोडलेली ठाणी सांभाळणार कोण, हा होता. उत्तर-पूर्व प्रांताचं सरकार टिकावं म्हणून घाईघाईने उभी केलेली तमिळ राष्ट्रीय सेना आपण मागे सरताच तमिळ वाघांपुढे, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांपुढे, कोसळली. जूनमध्ये तिथे पुन्हा युद्ध पेटलं.

म्हणून आधी ताबा कोणाला द्यायचा ते ठरवावं, तारीख मग. त्यानंतर जादा दारूगोळा, जड सामान आणि वर्कशॉप हलवायचं. सिग्नल (संदेशवहनाची तुकडी), डॉक्टर आणि धावपट्टीचा पहारा सर्वांत शेवटी. संख्या घटते तसा उरलेल्यांचा धोका वाढतो, त्यामुळे विखुरलेली ठाणी आधी एकत्र करावी लागतात. अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानातला बगराम हवाई तळ सोडला आणि ऑगस्टमध्ये सगळा भार काबूलच्या एका विमानतळावर आला. सैन्याबरोबर विमानांची देखभाल करणारे कंत्राटी तंत्रज्ञही गेले, आणि अफगाण हवाई दलाची विमानं एकेक करून जमिनीवर बसू लागली. सैन्यासाठी काम केलेल्या स्थानिक दुभाष्यांच्या व्हिसाचं काम तर घोषणेच्या कितीतरी आधी संपवायला हवं. त्यांना मागे सोडणं मला अक्षम्य वाटतं.

राजनैतिक चूक त्याआधीचीच होती. फेब्रुवारी २०२० च्या अमेरिका-तालिबान दोहा करारात काबूलचं सरकार पक्षकारच नव्हतं. ज्याच्या भूमीवरून निघायचं त्यालाच बाजूला ठेवलं, तर त्याच्या फौजेने लढायचं कशाच्या भरवशावर?

मालदीवचं काम छोटं होतं, पण नीट झालं. आपले नव्वदहून कमी जवान १० मे २०२४ पर्यंत परतले. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान तिथेच राहिलं, चालवायला नागरी तंत्रज्ञ गेले, बेटांवरचे रुग्ण हलवायची सोय चालू राहिली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत आले तेव्हा ४० कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीची व्यवस्था ठरली.