चढावर दमणारी गाडी आणि वीतभर लांबीचा फिल्टर

गेल्या महिन्यात आमची गाडी चढावर दमायला लागली. सपाट रस्त्यावर तिची काही तक्रार नव्हती. पण हायवेवर पुढच्या गाडीला ओलांडायला पाय दाबला की इंजिनाचा नुसता आवाज वाढायचा, पिकअप मिळायचा नाही. मग सकाळी चालू व्हायलाही दोन-तीनदा स्टार्टर मारावा लागू लागला.

अशा वेळी परदेशात राहणारी कोणतीही धाकटी बहीण जे करते तेच मी केलं. दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "फ्युएल फिल्टर कधी बदललाय?" गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली. जुन्या मालकाने दिलेले सर्व्हिसचे कागद काढले. ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, सगळ्याची नोंद होती. फ्युएल फिल्टरची एकही नव्हती.

हा फिल्टर म्हणजे धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात घड्या घालून बसवलेला खास कागद. पेट्रोल गाडीत तो साधारण १० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. टाकीतला गंज, धूळ, गाळ इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांपर्यंत पोचू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. कागद चोंदला तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. नुसतं चालू ठेवलेलं इंजिन पेट्रोल अगदी थोडं पितं, तेवढं चोंदलेल्या कागदातूनही येतं. चढावर मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. म्हणून गाडी सपाटीवर शहाणी आणि चढावर आजारी.

पण प्रत्येक गाडीचा फिल्टर घरी बदलता येत नाही. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो टाकीच्या आत, पंपाच्या युनिटलाच जोडलेला असतो. तुमची गाडी तशी असेल तर मॅन्युअल मिटा आणि काम मेकॅनिककडे द्या. डिझेल गाडीचा फिल्टर बहुतेकदा बॉनेटखाली सापडतो, पण तो पाणीही वेगळं करतो आणि बदलताना लाइनमध्ये हवा शिरली तर ती हातपंपाने किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने काढावी लागते. आमचा फिल्टर गाडीखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे, पाइपच्या मध्येच बसवलेला होता.

"फिल्टर काढणं पाच मिनिटांचं आहे," दादा म्हणाला. "पण आधी प्रेशर सोड. ते सोडल्याशिवाय जोडाला हात लावायचा नाही. कळलं ना?"

हे त्याने तीनदा सांगितलं, आणि का ते मी तुम्हालाही सांगते. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्या पाइपमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. तसाच जोड उघडला तर पेट्रोल पिचकारीसारखं तोंडावर येतं. शिवाय उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत पसरत जाते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते. म्हणून मी बंद गॅरेजमध्ये काम केलं नाही. गाडी उघड्यावर सपाट फरशीवर घेतली, इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं, पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवलं. उजेडाला एलईडी टॉर्च. तापलेल्या काचेच्या बल्बवर पेट्रोलचा थेंब पडला तर बल्ब फुटू शकतो.

सकाळी मॅन्युअलमध्ये पाहून पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळात ते आचके देत बंद पडलं. पुन्हा दोनदा स्टार्टर मारला, लाइनमधला उरलासुरला दाब उतरला. टाकीचं झाकण सैल केलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, घाई कितीही असो.

जुन्या फिल्टरवरच्या क्लिपा धुळीने घट्ट बसल्या होत्या. आधी ब्रशने माती झाडली, मग जोडावर जाड चिंधी धरून क्लिप दाबली. एवढं करूनही अर्धी वाटी पेट्रोल खालच्या भांड्यात आलंच. डोळ्यांवर गॉगल आणि हातात नायट्राइलचे मोजे होते म्हणून काही वाटलं नाही. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेला हवा, तो दोनदा पाहिला. आमच्या फिल्टरला अर्थिंगची छोटी वायर होती. वाहत्या इंधनाने साठणारी स्थिर वीज तिच्यातून निघून जाते, म्हणून ती आठवणीने परत लावली. ज्यांच्या गाडीत बँजो बोल्ट (ज्याच्या आतून इंधन वाहतं असा पोकळ बोल्ट) असेल त्यांनी तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही.

फ्यूज आणि बॅटरी जोडून मी गाडीबाहेर टॉर्च घेऊन बसले आणि नवऱ्याला नुसती किल्ली फिरवायला सांगितली, इंजिन चालू न करता. पंप दोन सेकंद गुणगुणला. असं तीनदा केल्यावर लाइन भरते. तिसऱ्या वेळी इंजिनाकडच्या जोडावर एक थेंब चमकला. मग दुसरा.

"बंद कर!" मी ओरडले. किल्ली काढली, फ्यूज पुन्हा बाहेर, बॅटरी पुन्हा सुटी. मांडलेलं भांडं तिथेच होतं. जोडाभोवती चिंधी गुंडाळून दाब उतरेपर्यंत पाऊण तास आम्ही लांब जाऊन बसलो. उघडून पाहिलं तर पाइप शेवटपर्यंत बसलाच नव्हता. बसवताना मला 'टक' असा आवाज आल्यासारखा वाटला होता, तो दुसऱ्या बाजूचा असावा. या वेळी पाइप आत ढकलला, आवाज ऐकला आणि मग जोराने उलटा ओढून पाहिला. हलला नाही. पुन्हा तीनदा किल्ली, पुन्हा टॉर्च. कोरडं. मगच इंजिन चालू केलं आणि पाच मिनिटं त्या जोडावरून नजर हलवली नाही.

हे काम एकट्याने करू नका असं मी म्हणते ते याचसाठी. किल्लीपाशी एक आणि जोडापाशी एक, अशी दोन माणसं हवीत.

जुना फिल्टर टाकीकडच्या तोंडाने पांढऱ्या भांड्यात उलटा केला. चहाच्या गाळासारखं काळं-तपकिरी पेट्रोल आणि तळाशी बारीक रेती. दादाला दाखवलं तेव्हा तो काही क्षण बोललाच नाही. ते पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रात दिलं, मोरीत किंवा गटारात ओतायचं नाही. भिजलेल्या चिंध्या उघड्यावर वाळवल्या.

दुपारी गाडी त्याच चढावर नेली. तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता वर आली.

रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी वाकून पाहिलं, तो कोरडा ठणठणीत होता. दादाला त्याचाच फोटो पाठवला.