मूळ रंग कोणता?

रात्रीचे साडेअकरा. उजव्या कानामागे केसांच्या रंगाचा ठिपका आहे, त्याला ४८ तास पाणी लावायचं नाही. खाज सुटली किंवा जागा लाल झाली तर रंग लावायचाच नाही, असं बजावून पार्लरमधल्या मुलीने मला घरी पाठवलं. इतकी वर्षं रंग लावतेय, ही चाचणी एकदाही केली नव्हती. पण झोप उडालीय ती त्या ठिपक्यामुळे नाही.

तिने केस हातात घेतले, बोटांत फिरवले आणि सहज विचारलं, "ताई, तुमचा मूळ रंग कोणता?"

"काळा," मी म्हणाले.

"हा पाकिटातला काळा झाला. त्याच्या आधीचा?"

मला सांगता आलं नाही.

मला माझा रक्तगट माहीत आहे. धाकटीच्या चष्म्याचा नंबर पाठ आहे. आणि माझ्याच डोक्यावरच्या केसांचा रंग मला सांगता येऊ नये? अकरा वर्षं दर चार-पाच आठवड्यांनी तेच पाकीट, तोच ब्रश. पहिल्यांदा आणलं तेव्हा कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं, आणि त्या वर्षी आरशापुढे उभं राहायला वेळ कुणाला होता! ते असो.

मी फोनमध्ये मधाळ तपकिरी केसांचा फोटो घेऊन गेले होते. तिने तो नीट पाहिला, मग शांतपणे समजावलं. रंगाने रंग उतरत नाही. काळ्यावर तपकिरी लावला तर काळा काळाच राहतो, मुळाशी नवे आलेले केस तेवढे उजळतात, आणि टाळूच्या उबेमुळे जरा जास्तच भडक होतात. काळा काढायचा तर ब्लीच. गडद केसांना ब्लीच केलं की आत दडलेला तांबडा, नारिंगी वर येतो, मग तो दाबायला निळसर टोनर, म्हणजे वरून द्यायची हलकी झाक. एवढं माझे केस सोसतील का, हे पाहायला तिने टोकाचा एक केस ओला करून ताणला. तो लांबला, परत आखडला नाही, तुटला. तिने काही बोलायची गरजच उरली नाही.

आणि मग पुन्हा तेच मनात. मूळ रंग कोणता?

तिनेच शोधून दिला. मागचे केस वर उचलून क्लिपा लावल्या आणि हातातला आरसा माझ्या मानेमागे धरला. मानेवरचे केस बहुतेकींचे सगळ्यांत शेवटी पांढरे होतात, आणि घरी रंग लावताना हात तिथे नीट पोचत नाही. रंगांना नंबर असतात, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे फिकट सोनेरी. माझ्या मानेवर ३ आणि ४ च्या मधलं काहीतरी होतं. गडद तपकिरी, उजेड पडला की किंचित तांबूस. ज्यांना आपण सरसकट काळे केस म्हणतो ते पुष्कळदा असेच असतात, म्हणाली.

आईचे केस उन्हात असेच... मला पुढे बघवलं नाही. तिने आरसा खाली घेतला आणि उगीचच माझ्या गळ्याभोवतीचा टॉवेल सारखा केला. फार चांगली मुलगी आहे.

घरी येताना मात्र स्वतःची फार कीव आली. सपाट काळ्या रंगाने चेहऱ्यावरच्या सावल्या गडद दिसतात, डोळ्यांखालच्या तर जास्तच. अकरा वर्षं जो भेटेल तो विचारत होता, दमलीस का? मी खरंच दमलेली होते, हेही खरं. पण सगळंच माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं असं मला वाटायचं. त्यातलं थोडं त्या रंगाचं होतं. हे मला आज कळावं!

कापून मात्र आजच झालं. मला जबड्यापर्यंतचा बॉब हवा होता. माझा जबडा रुंद आहे, आणि केस बरोबर तिथेच संपले की नजर तिथेच थांबते. म्हणून तिने लांबी गळ्याच्या हाडापर्यंत ठेवली आणि लेअर हनुवटीच्या खाली सुरू केले. मधला भांग थोडा बाजूला सरकवला. एवढ्यानेच डोक्यावरचे चपटे केस उचलले गेले. पुढची बट मला लांब वाटली, पण माझे केस लहरी, वाळले की वर चढतात. वाळल्यावर ती बरोबर भुवईखाली आली.

जमिनीवर वीतभर काळे केस पडले होते. डोक्यावर अजून तीसेक सेंटिमीटर आहेत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सगळा काळा जायला अडीच वर्षं. हिशेब केला तेव्हा रडूच आलं. मघाशी पुन्हा केला तेव्हा तेवढं वाईट वाटलं नाही. त्या अडीच वर्षांत मला काही मिळवायचं नाही, गमवायचंही नाही. ते आपले वाढत राहतील.

परवा मुळाशी मानेवरच्या रंगाशी जुळणारा, अमोनिया नसलेला रंग. वीसेक वेळा धुतल्यावर फिका होत जाईल. कानशिलावरचे पांढरे पूर्ण झाकणार नाहीत, त्यांवर हलकी तपकिरी झाक येईल. तेवढी पुरे.

मघाशी बाथरूममध्ये दोन आरसे धरून मान बघायचा प्रयत्न केला, जमेना. धाकटी उठून आली. काही न विचारता तिने माझे केस वर धरले आणि फोटो काढला. ट्यूबच्या उजेडात रंग काळाच आला. उद्या सकाळी खिडकीत ऊन आलं की पुन्हा काढ, असं सांगून ठेवलंय.